वेल्ह्यात मध्यरात्री बँक उघडी दिसली, पण मतदाराच्या रागाला कायद्यात जागा कुठे आहे?

6 मे 2024 ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी 7 वाजता बारामती लोकसभेचं मतदान सुरू होणार होतं. प्रचार संपून 24 तास उलटून गेले होते. आणि मोबाईलवर व्हिडीओ फिरायला लागले.

एकात भोर भागात गाडी आणि पैसे दिसत होते. दुसऱ्यात तोरणा किल्ल्याच्या पायथ्याच्या वेल्हे गावातली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची, म्हणजे पीडीसीसीची शाखा. आत दिवे चालू, वेळ मध्यरात्रीची. आमदार रोहित पवारांनी हे व्हिडीओ सोशल मीडियावर टाकले आणि भोर-वेल्ह्यात मतदारांना पैसे वाटले जात असल्याचा आरोप केला. त्यांचा रोख अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी आरोप फेटाळले. निवडणूक यंत्रणेने मात्र दखल घेतली आणि वेल्हे शाखेच्या व्यवस्थापकावर गुन्हा दाखल झाला.

बँक रात्री उघडी असणं आणि मतदारांना पैसे वाटले जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली व्हिडीओत दिसते, दुसरी कोर्टात सिद्ध करावी लागते. पण लोकांनी त्या रात्रीच दोन्ही जोडून टाकल्या. त्यालाही कारण होतं. अजित पवार 1991 पासून ऑक्टोबर 2023 पर्यंत या बँकेचे संचालक होते. नणंद-भावजयीच्या त्या लढतीत सुनेत्रा पवार उमेदवार होत्या. आणि पीडीसीसी म्हणजे शेतकऱ्याच्या पीककर्जाची बँक, गावातल्या बहुतेक घरांचं खातं तिथे.

4 जूनला निकाल लागला. सुप्रिया सुळे 1 लाख 58 हजार 333 मतांनी जिंकल्या. भोर विधानसभा क्षेत्रातही त्याच पुढे राहिल्या. पराभूत सुनेत्रा पवार त्याच महिन्यात राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. मग बँकेच्या त्या व्हिडीओबद्दल कुणी बोलेना.

असं का होतं? लोक विसरतात म्हणून? थोडंफार तसंही असेल. पण मोठं कारण कायद्याच्या रचनेत आहे.

पैसे वाटणं हा गुन्हा आहे, पण केवढा?

ही घटना 1 जुलै 2024 च्या आधीची, म्हणून तिला जुनी भारतीय दंड संहिता लागू. तिच्या कलम 171 ब मध्ये निवडणुकीतल्या लाचेची व्याख्या आहे आणि 171 ई मध्ये शिक्षा: जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद 170 आणि 173 या कलमांत गेली. आकडे बदलले, शिक्षा तेवढीच राहिली.

शिवाय हा गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे. अदखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपासही करू शकत नाहीत. मतदानाच्या आदल्या रात्री कुणी परवानगी आणायला जायचं? हा गुन्हा दखलपात्र करा आणि शिक्षा वाढवा, असं निवडणूक आयोगाने केंद्राला सुचवून बरीच वर्षं झाली. कायदा बदलायचा संसदेने, आणि संसदेत बसतात निवडून आलेले लोक.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. या कलमानुसार पैसे देणारा गुन्हेगार, तसा घेणाराही. गावात ज्याच्या हातात पाकीट पडलं, तोच खरा साक्षीदार. पण त्याने तोंड उघडलं की तोही आरोपी होऊ शकतो. मग साक्ष द्यायची कुणी? उघड्या बँकेचा व्हिडीओ मिळतो आणि बंद दारामागच्या पाकिटाचा साक्षीदार मिळत नाही, त्याचं हे एक कारण.

एक गोष्ट मात्र कडक आहे. 171 ई खाली दोषी ठरलेल्या माणसाला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8 नुसार सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. शिक्षा किरकोळ असली तरी अपात्रता मोठी. पण ती मिळते दोषी ठरल्यावर.

मग निवडणूक रद्द का होत नाही?

होऊ शकते. 2019 मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये सुमारे 11 कोटींची रोकड सापडली आणि मतदान दोन दिवसांवर आलेलं असताना तिथली लोकसभेची निवडणूक रद्द झाली. त्याआधी त्याच राज्यात विधानसभेच्या अरवाकुरिची, तंजावर आणि आर. के. नगर या जागांवरही आयोगाने हेच केलं होतं. पुढची गंमत अशी की वेल्लोरला 5 ऑगस्ट 2019 रोजी पुन्हा मतदान झालं तेव्हा द्रमुकचे कथिर आनंद निवडून आले. त्या रोकड प्रकरणात ज्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला होता, त्यांत त्यांचंही नाव होतं.

तेव्हा निवडणूक रद्द करणं हे आयोगाच्या हातातलं जड हत्यार आहे. मोठी रोकड प्रत्यक्ष हाती लागली तर ते उपसलं जातं. एका शाखेत रात्री दिवे चालू होते म्हणून उपसलं जात नाही, आणि जाऊही नये.

आणि कोर्ट?

भोर-वेल्ह्याची गोष्ट इथे येऊन अडकते, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचायला हवा.

निवडणुकीतल्या गैरप्रकाराविरुद्ध उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. ती फक्त उमेदवारच करतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार ती करू शकतो. मुदत निकालापासून 45 दिवस. म्हणजे बारामतीसाठी 19 जुलै 2024 पर्यंत.

पण ही याचिका जिंकलेल्या उमेदवाराची निवड रद्द करण्यासाठी असते. कलम 100 मध्ये भ्रष्ट मार्गाची जी कारणं दिली आहेत, ती विजयी उमेदवाराभोवती फिरतात. भ्रष्ट मार्ग त्याने वापरला, त्याच्या एजंटने वापरला किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्याने वापरला, हे सिद्ध करायचं असतं.

आता वेल्ह्याचं चित्र पाहा. आरोप होता पराभूत बाजूवर. जिंकली आरोप करणारी बाजू. ज्यांनी आरडाओरडा केला त्यांना कोर्टात जाण्याचं कारणच उरलं नाही. कुणी मतदार पेटून उठून गेला असता तरी मागणार काय? सुळेंची निवड रद्द करा? हरलेल्या उमेदवाराच्या बाजूने गैरप्रकार झाला असेल, तर त्याची स्वतंत्रपणे तड लावणारी याचिका या कायद्यात नाही. उरतो तो पोलीस ठाण्यातला अदखलपात्र गुन्हा. लोकांचा राग जिथे जाऊन विरतो ती जागा ही.

समजा निकाल उलटा लागला असता. तरी वाट सोपी नव्हती. उमेदवाराची संमती होती हे जवळजवळ फौजदारी खटल्याइतक्या काटेकोरपणे सिद्ध करावं लागतं. वेळेचं म्हणाल तर कायदा सांगतो, याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबईतल्या विलेपार्ल्याचं. तिथे विषय पैशाचा नव्हता, धर्माच्या नावाने मतं मागण्याचा होता. पोटनिवडणूक झाली डिसेंबर 1987 ला. उच्च न्यायालयाने डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली 1989 ला. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं डिसेंबर 1995 ला. मधल्या काळात ती विधानसभा विसर्जित होऊन दोन नव्या निवडणुकाही झाल्या होत्या.

भोरचा राग फक्त एका रात्रीचा नाही

भोर, वेल्हे आणि मुळशी मिळून भोर विधानसभा मतदारसंघ होतो. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली, म्हणजे त्या निवडणुकीच्या दोन महिने आधी. बोलण्यात अजून वेल्हेच चालतं. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा-देवघर ही धरणं याच पट्ट्यात. 23 टीएमसीचं भाटघर भोरच्या उशाला आहे, पण त्याचं पाणी प्रामुख्याने खालच्या तालुक्यांच्या शेतात जातं. नीरा-देवघरच्या पाण्यातला वाटा ठरवणारा निर्णय 2019 मध्ये एका सरकारने फिरवला, तर 2020 मध्ये दुसऱ्याने. भांडण डावा कालवा आणि उजवा कालवा यांच्यात. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, ते भांडणाच्या मथळ्यातही नव्हते.

राजकारणाचं म्हणाल तर अनंतराव थोपटे इथून सहा वेळा आमदार. 1999 मध्ये राष्ट्रवादीच्या काशिनाथ खुटवडांनी त्यांना हरवलं आणि थोपटे-पवार वैर पक्कं झालं. नंतर मुलगा संग्राम थोपटे 2009, 2014 आणि 2019 असे तीनदा काँग्रेसकडून निवडून आले. 2019 च्या अखेरीस त्यांना मंत्रिपद मिळालं नाही, तेव्हा समर्थकांनी पुण्यातलं काँग्रेस भवन फोडलं. भोर-वेल्ह्याच्या नावाने तोडफोडीपर्यंत गेलेला राग त्या दिवशी टीव्हीवर दिसला, आणि तो रस्त्यासाठी नव्हता, पाण्यासाठीही नव्हता.

मार्च 2024 मध्ये शरद पवार थोपट्यांच्या घरी गेले. जुनं वैर संपलं, लोकसभेला थोपट्यांनी सुळेंचा प्रचार केला. त्यानंतर राजगड सहकारी साखर कारखान्याचं 80 कोटींचं कर्ज अडलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर यांनी संग्राम थोपट्यांना 19 हजारांहून जास्त मतांनी हरवलं. सहा महिन्यांपूर्वी याच मतदारसंघाने सुळेंना आघाडी दिली होती. 22 एप्रिल 2025 ला संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. म्हणजे 2024 च्या मे महिन्यात ज्यांच्या विरोधात प्रचार केला, त्याच महायुतीत.

यात बेकायदा काही नाही. हरलेला नेता पक्ष बदलतो तेव्हा पक्षांतरबंदी कायदा लागूच होत नाही, तो सभागृहातल्या सदस्यांसाठी आहे. पण मतदाराच्या बाजूने पाहिलं तर तक्रारीला मालक उरत नाही. पैसे वाटल्याचा आरोप करणारे आणि ज्यांच्यावर आरोप झाला ते, यांच्यातल्या भिंती दर निवडणुकीला हलतात. काल ज्याने व्हिडीओ टाकला, त्याला उद्या त्याच माणसाशी युती करायची असू शकते.

मतदाराच्या हातात काय उरतं?

फार नाही, पण काहीच नाही असंही नाही.

पहिलं, त्याच वेळी केलेली तक्रार. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर नाव न सांगता जागेवरच फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडीओ काढून पाठवता येतो. जीपीएसमुळे ठिकाण आपोआप जातं आणि 100 मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जुना व्हिडीओ हे अ‍ॅप घेत नाही. शंभर जणांनी फॉरवर्ड केलेल्या क्लिपपेक्षा एकाने जागेवरून केलेली तक्रार कागदावर जास्त वजनाची ठरते, ती यामुळे. वेल्ह्याच्या डोंगरात रेंज असेल तर, हे आलंच.

दुसरं, खर्चाचा हिशेब. लोकसभेला उमेदवाराची मर्यादा 95 लाख, विधानसभेला 40 लाख. निकालानंतर 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, हरलेल्यालासुद्धा, हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो कुणीही पाहू शकतं. नियमात त्याची फी लिहिली आहे: एक रुपया. पाकिटातले पैसे त्यात दिसणार नाहीत, हे उघड आहे. पण गाड्या, सभा, मंडप, जेवणावळी दिसतात, आणि गावात किती गाड्या फिरल्या हे गावाला माहीत असतं.

तिसरं कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. पीडीसीसी ही सरकारी बँक नाही. ती सहकारी आहे, तिच्या सभासद गावोगावच्या विकास सोसायट्या आहेत, आणि सोसायट्यांचे प्रतिनिधी तालुक्यातून संचालक निवडून देतात. वेल्ह्यातली शाखा त्या रात्री कशासाठी उघडी होती, आत कोणतं काम चालू होतं, कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारायला पोलीस किंवा न्यायाधीश असावं लागत नाही. आधी आपल्या सोसायटीच्या सभेत ठराव करून आणि मग सोसायटीच्या प्रतिनिधीमार्फत बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा प्रश्न लेखी मांडता येतो. कायद्याने ती सभा दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते.