पारदर्शक दंतसाचे : निगा आणि उच्चार

वाकडे अथवा विरळ दात एका ओळीत आणण्यासाठी तारेऐवजी पारदर्शक प्लास्टिकचे, काढता-घालता येणारे साचे वापरण्याची पद्धती आता आपल्याकडेही रूढ होत आहे. त्यांस 'अलाइनर' म्हणतात; प्रस्तुत लेखात 'दंतसाचा' हा शब्द योजिला आहे. साच्यांची निगा हा वरवर पाहता दंतवैद्यकाचा विषय होय. परंतु ज्यांचे काम बोलण्याचे आहे, अशा अध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यात उच्चारशास्त्राचाही एक प्रश्न गुंतलेला आहे. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास निगेचे इतर सर्व नियम पाळूनही उपचार फसण्याचा संभव असतो.

१. साधनाचे स्वरूप

दात सुटासुटा थोडाथोडा सरकवीत न्यावा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील केसलिंग या दंतवैद्यांनी १९४५ मध्ये रबराच्या साधनाच्या द्वारे ती मांडली होती. संगणकावर दातांची प्रतिकृती करून साच्यांची संपूर्ण मालिका आधीच तयार करण्याची पद्धती मात्र १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने प्रचारात आणली. प्रत्येक साचा दाताच्या सध्याच्या जागेपेक्षा सुमारे पाव मिलिमीटर पुढच्या जागेसाठी घडविलेला असतो. त्याच्या दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूस नवे भरते. ही क्रिया मंद आहे आणि तिला दाब दीर्घकाळ मिळावा लागतो. म्हणूनच साचा दिवसातून २० ते २२ तास घालावा, असे सांगतात. तार दातावर पक्की बसविलेली असते; साचा मात्र रुग्णाच्या हाती असतो. त्याचा गुण आणि त्याचा धोका, दोन्ही येथेच आहेत.

२. उच्चाराचा प्रश्न

प्राचीन शिक्षाग्रंथांनी तवर्ग, लकार व सकार यांचे स्थान दंत असे सांगितले आहे. मराठीत यांच्या जोडीस चवर्गातील आणखी एक उच्चार येतो. 'चार' या संख्यावाचकातील च तालव्य आहे. 'चाक', 'चूक', 'चोच' यांतील च मात्र जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकवून उच्चारला जातो. आपले व्याकरणकार त्यास दंततालव्य म्हणतात. हा भेद अर्थभेदकही आहे : 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' हे जगण्याचे आज्ञार्थी रूप, 'जरा' म्हणजे वार्धक्य आणि 'जरा' म्हणजे थोडे, या जोड्या लेखनात सारख्या असल्या तरी उच्चारात वेगळ्या आहेत.

साच्याची जाडी मिलिमीटरहून कमी असते. तथापि स अथवा दंततालव्य च उच्चारताना जीभ व दंतमूल यांच्यामध्ये हवेसाठी जी चिंचोळी फट राहते, तीही अशीच सूक्ष्म असते. साच्याची कड नेमकी त्याच जागी आल्याने पहिले काही दिवस हे वर्ण बोबडे किंवा फुसफुसते होतात. यात षष्ठीचा 'चा' हा प्रत्यय दंततालव्य ('घरचा' आणि 'घरची' ही रूपे पडताळून पाहावीत) असल्याने अडखळ पावलोपावली जाणवते. हिंदीभाषकास हा विशिष्ट त्रास होत नाही; तेलुगूभाषकास मात्र होऊ शकतो, कारण त्या भाषेतही अ, उ, ओ यांसारख्या स्वरांपूर्वी च व ज दंत्याकडे झुकतात. घुग्घुससारख्या खाणींच्या गावी मराठी व तेलुगू दोन्ही बोलणारी कुटुंबे आहेत, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

३. तासांचा हिशेब

उच्चार बिघडला की बोलणारा साचा काढून ठेवतो. यात काय गमावले जाते ते पाहू. भोजन व दंतधावन यांसाठी २ तास सोडले, तर १४ दिवसांत साचा ३०८ तास दातांवर राहावयास हवा. एखादा अध्यापक रोज ३ तास शिकवताना तो काढून ठेवील, तर १२ कामाच्या दिवसांत ३६ तास, म्हणजे सुमारे १२ टक्के काळ बुडेल. दात ठरलेल्या जागी पोचत नाहीत, पुढचा साचा नीट बसत नाही, आणि क्वचित मोजमाप नव्याने घ्यावे लागते. सबब साचा काढणे हा उपाय नसून, साच्यासह बोलण्याचा सराव हाच उपाय होय. रोज १५ मिनिटे मोठ्याने वाचावे; 'चूक', 'चोच', 'जुना', 'झाड', 'सासू' असे शब्द सावकाश म्हणावेत. जीभ नव्या कडेशी लवकरच जुळवून घेते. काही आठवड्यांनंतरही दोष राहिल्यास कड दंतवैद्याकडून घासून घ्यावी. घरी घासू नये.

४. निगा

साचा घातलेला असताना साध्या पाण्याखेरीज काही घेऊ नये. गरम चहाने तो विरूप होऊ शकतो व डागाळतो; हळदीचा पिवळेपणा तर सहसा जात नाही. गोड पदार्थाचा अंश साच्याखाली अडकल्यास लाळ तेथे पोचून तो धुऊ शकत नाही आणि दात किडतो. म्हणून जेवल्यावर दात घासून मगच साचा घालावा. साचा गार पाण्याने, मऊ ब्रशने व सौम्य साबणाने धुवावा. टूथपेस्टने त्यावर चरे पडतात, उकळत्या पाण्याने त्याचा आकार बिघडतो. काढताना दोन्ही बाजूंच्या दाढांकडून, आतल्या अंगाने बोटांनी उचलावा. एकाच बाजूने ओढल्यास तो तडकतो.

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आणखी काही पथ्ये आवश्यक आहेत. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातल्या बंद मोटारीत किंवा दुचाकीच्या डिकीत साचा ठेवू नये. घुग्घुसला कोळसा व सिमेंट यांची धूळ हवेत असते. काढलेला साचा टेबलावर उघडा किंवा कागदात गुंडाळून न ठेवता डबीतच ठेवावा, आणि हात धुऊनच हाताळावा. कागदात गुंडाळलेला साचा कचऱ्यात जातो, हेही नित्याचेच.

सर्वांत मोठी अडचण खर्ऱ्याची. साच्यासह खर्रा चघळल्यास कठीण सुपारीने साचा फुटतो आणि तंबाखू-चुना दातांशी दडपून राहतो. दर वेळी साचा काढून चघळल्यास तास बुडतात. शिवाय सुपारीमुळे तोंडाचा आतील भाग ताठर होऊन जबडा पुरेसा उघडेनासा होतो. मग साचा घालणे-काढणेही कठीण. अशा व्यक्तीने उपचार सुरू करण्यापूर्वीच खर्रा सोडावा, हे उत्तम.

भामरागड किंवा एटापल्लीसारख्या तालुक्यांतून दंतवैद्य गाठणे म्हणजे दिवसभराचा प्रवास. म्हणून मागील साचा कधीही टाकू नये. चालू साचा फुटला अथवा हरवला तर मागील साचा घालून दंतवैद्यास कळवावे व त्यांच्या सल्ल्याने पुढे जावे. उपचार संपल्यावरही दात पूर्वस्थितीकडे सरकू पाहतात. त्यासाठी राखणीचा साचा रात्री घालावा लागतो.

सारांश, या साधनाची निगा म्हणजे केवळ त्याची स्वच्छता नव्हे, तर त्याचा दातांवरील काळ राखणे होय. अध्यापकाच्या बाबतीत तो काळ बहुधा वर्गातच बुडतो, आणि थोड्या दिवसांच्या सरावाने तो वाचविता येतो.