दुखणारा खांदा फाटलेलाच असतो, असं नाही

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 15 गुण गोळाफेकीचे असतात. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 हिंगोलीतच आहे, त्यामुळे इथल्या पोरांना भरतीची ओढ लवकर लागते. पहाटे मैदानावर धावणाऱ्यांच्या शेजारी गोळा फेकणारे असतात आणि त्यांतला एखादा डाव्या हातानं उजवा खांदा चोळत उभा असतो. त्याला मिळणारे सल्ले ठरलेले: शिरेवर शीर चढली असंल, नस दबली असंल, एमआरआय काढून घे, गोळा सोड, नाहीतर गप सहन कर. सल्ले एकमेकांच्या उलट असले तरी बहुतेकांच्या मुळाशी समजूत एकच आहे, की जेवढं दुखतं तेवढं आत बिघडलेलं. ताज्या दुखापतीत ती बऱ्याचदा खरी ठरते. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात मात्र ती खेळाडूला चुकीच्या वाटेवर नेते.

खांद्यातल्या मज्जातंतूंची टोकं ताण, उष्णता, सूज यांची खबर मेंदूकडे पाठवतात. ती खबर म्हणजे वेदना नव्हे. आलेल्या खबरीचं काय करायचं हे मेंदू ठरवतो आणि ठरवताना जुना अनुभव, भीती, झोप, समोरचा प्रसंग हे सगळं जमेस धरतो. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरनं जबर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवं का विचारलं, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी नको म्हणून सांगितलं. 1946 साली त्यानं हे छापलं. दसऱ्याच्या फडात कुस्ती संपल्यावरच आपलं बोट निखळल्याचं कळलेला मल्ल हिंगोलीकरांना नवा नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये व्याख्या सुधारली, तीतही प्रत्यक्ष इजा झालेलीच असली पाहिजे अशी अट नाही.

मज्जातंतू आणि मेंदू मिळून अशी शरीराची राखण करतात. जुन्या दुखण्यात बिघडते ती बहुधा ही राखणच. शेतात रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला ओलं गवत टेकलं तरी भोंगा वाजतो. भोंगा खराच वाजतो, पण डुक्कर आलेलं नसतं. खांद्याची मूळ दुखापत भरून आल्यावरही मज्जासंस्था अशीच हळवी राहू शकते. मग पूर्वी जे फेकणं सहज होतं, त्याच्या निम्म्या जोरालाही कळ येते.

"एमआरआयमध्ये फाटलेलं दिसतंय, आता कसलं खेळणं?" या वाक्यानं जेवढे खांदे निकामी केले असतील, तेवढे गोळ्यानं केले नसतील असं मला वाटतं. खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या संचाला डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. अमेरिकेत टेनिस आणि बेसबॉल खेळणाऱ्या, खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या 20 खेळाडूंचा एमआरआय काढला गेला. त्यांपैकी 8 जणांच्या खेळत्या हाताच्या कफमध्ये अर्धवट किंवा पूर्ण फाटल्याच्या खुणा होत्या. पाच वर्षांनी चौकशी केली, तेव्हाही त्यांतल्या कुणाचा खांदा दुखत नव्हता. हा अभ्यास 2003 चा आणि लहान आहे. पण 2011 मध्ये 40 ते 70 वयाच्या, खांदा न दुखणाऱ्या 51 पुरुषांची सोनोग्राफी झाली, तिच्यातही 96 टक्के खांद्यांत काही ना काही सापडलंच. तेव्हा अहवालातली ओळ वाचून घाबरण्याआधी, आपल्याच वयाच्या न दुखणाऱ्या खांद्यातही तीच ओळ निघाली असती का, हे डॉक्टरांना विचारावं.

ऑपरेशनचंही तसंच. खांद्याच्या हाडाखाली जागा अपुरी पडते म्हणून हाड घासून मोकळं करण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर लाखोंनी झाली. ब्रिटनमध्ये 313 रुग्णांवर तिची परीक्षा झाली: काहींचं हाड घासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींवर काहीच केलं नाही. हाड घासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले, यांच्या आरामात फरक पडला नाही. 2019 मध्ये तज्ज्ञांच्या गटानं अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये असा स्पष्ट सल्ला दिला. पडून कफ तुटणं किंवा खांदा वारंवार निखळणं ही प्रकरणं वेगळी, तिथं शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

एवढं सांगितलं की पोरगं चिडून विचारतं, "म्हणजे मी नाटक करतोय?" नाही. प्रत्येक वेदना खरीच असते, मेंदूत घडते म्हणून ती खोटी ठरत नाही. खेळाडूला वेदनेचं शास्त्र समजावताना सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा लागतो आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं ज्याला ऐकू आलं, तो पुन्हा त्या डॉक्टरकडे जात नाही. खरं तर निरोप दिलासा देणारा आहे: राखण हळवी झाली असेल, तर ती पुन्हा शांतही करता येते.

ती शांत होते ती बहुतांशी हालचालीनं. पूर्ण विश्रांतीनं दुखणं चार दिवस कमी वाटतं, पण स्नायू सैल पडतात, भीती पक्की होते आणि परतल्यावर पहिल्याच फेकीला कळ येते. उलट "दुखल्याशिवाय ताकद येत नाही" म्हणून रेटणंही वेडेपणाच. फिजिओथेरपिस्ट साधारण असा हिशेब सांगतात: दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं व्यायामात चालेल, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर वजन किंवा फेकींची संख्या कमी करायची, व्यायाम सोडायचा नाही. झोपेकडेही बघावं. अपुऱ्या झोपेनं वेदना वाढते आणि भरतीची पोरं रात्री अभ्यास करून पहाटे चारला उठतात.

दुखऱ्या खांद्यावर हळदीचा लेपही लावला जातो. आपल्या वसमतची हळद भौगोलिक मानांकनाची असली, तरी लेपातली हळद कातडीतून सांध्यात पोचत नाही. ऊब बरी वाटते, तेवढ्यासाठी लावायला हरकत नाही. मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी दुखण्याचं इंजेक्शन घेऊन उन्हात धावणं मात्र मूत्रपिंडाशी खेळ आहे.

समजावल्यानं सगळं जातं, असाही कुणी दावा करू नये. नुसत्या माहितीनं वेदना थोडीच कमी होते, जोडीला चढता व्यायाम असला की फळ जास्त मिळतं. आणि काही दुखण्यांना थेट डॉक्टरच लागतो: पडल्यावर हात उचलताच न येणं, सांधा निखळणं, हातात मुंग्या किंवा वाढती अशक्तता, ताप, कारणाशिवाय वजन घटणं. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाटून घाम आला, तर तासभरही थांबू नये.

दुखणं मुळात टाळायचं कसं, तेही बघू. डेन्मार्कमध्ये 679 तरुण हँडबॉलपटूंवर नजर ठेवली गेली. ज्यांचा एका आठवड्याचा खेळ आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा 60 टक्क्यांहून जास्त वाढला, त्यांच्या खांद्याच्या दुखापतींचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. आपल्याकडे भरतीची जाहिरात निघेपर्यंत गोळ्याला हात लागत नाही आणि निघाली की दिवसाला शंभर फेकी सुरू होतात. अकॅडमी चालवणाऱ्यांना एवढीच विनंती, की गोळा वर्षभर थोडा थोडा फेकायला लावा.