स्थलांतर, शासनाचे धोरण आणि आपल्या घरचा पाळणा

बुऱ्हाणपूरहून खांडव्याच्या वाटेस लागले म्हणजे सुमारे वीस किलोमीटरवर असीरगडाचा डोंगर येतो. सातपुड्याच्या या वाटेने उत्तरेकडील माल आणि माणसे दक्षिणेत उतरत, म्हणून या गडास दक्षिणेचा दरवाजा म्हणत. इ. स. १६०१ मध्ये अकबराने तो हस्तगत केला. पुढे तीस वर्षांनी, १६३१ च्या जून महिन्यात, तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात त्याची नातसून, शहाजहानची बेगम मुमताजमहल, चौदाव्या बाळंतपणात मृत्यू पावली. चौदा अपत्यांपैकी सातच वाढीस लागली होती. त्याच काळातील आग्र्याचे जैन व्यापारी व कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात आपल्या संसाराचा हिशेबही प्रांजळपणे मांडला आहे : विवाह तीन, अपत्ये नऊ, आणि त्यांतील एकही हयात नाही.

बादशहाचा महाल असो वा व्यापाऱ्याचे घर, त्या काळी जन्म पुष्कळ आणि मृत्यूही पुष्कळ. आज आपल्या घरी जन्मलेले मूल बहुधा वाचते. मात्र जन्मच थोडे झाले आहेत. त्यामुळे समाजाची संख्या घटत आहे, अशी चिंता सभासंमेलनांतून ऐकू येते. काही संघांनी तिसऱ्या अपत्यासाठी द्रव्यसाहाय्यही जाहीर केले आहे. आपल्या मंडळानेही तसे करावे काय? या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी वस्तुस्थिती नीट पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत देशातील जैनांची संख्या सुमारे ४४ लक्ष ५२ हजार भरली. त्यांपैकी सुमारे १४ लक्ष महाराष्ट्रात आणि ५ लक्ष ६७ हजार मध्य प्रदेशात होते. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली. जैनांची वाढ मात्र ५.४ टक्केच झाली. त्याआधीच्या दशकात आपली वाढ २६ टक्के दिसली होती. तथापि एवढी वाढ केवळ जन्मांनी होणे संभवनीय नव्हते. धर्माच्या रकान्यात ‘जैन’ अशी नोंद करण्याविषयी झालेली जागृती हे तिचे मोठे कारण मानले जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार एका जैन स्त्रीमागे सरासरी अपत्ये २०१५-१६ मध्ये १.२, तर २०१९-२१ मध्ये १.६ होती. पाहणीत आलेली जैन कुटुंबे थोडी असल्यामुळे या दोन आकड्यांतील फरकावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढण्यास सुमारे २.१ अपत्ये लागतात, आणि दोन्ही आकडे त्याहून कमी आहेत, हे निःसंशय.

शासनाच्या धोरणाने किती झाले?

विवाहाच्या वयाबाबत कायद्याने निश्चितच काम केले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय १४ व मुलाचे १८ ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ व २१ झाले. १९४९ च्या कायद्याने जाती-पोटजातींच्या भिंती ओलांडून झालेले विवाह वैध ठरविले व त्यात जैनांचाही समावेश केला. संततिनियमनाच्या बाबतीत मात्र शासनाच्या आधी समाजसेवक पुढे आले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत आपले केंद्र १९२१ मध्ये उघडले. शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले, पण त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. आणीबाणीतील सक्तीने लोकांच्या मनात भीती मात्र बसली.

आपल्या सीमाभागातील उदाहरण घ्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले आणि शेजारचे रावेर प्रथम मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आले. पुढे, २००१ च्या सुमारास, दोन्ही राज्यांनी दोहोंहून अधिक अपत्ये असणाऱ्यांस पंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरविले. मध्य प्रदेशाने हा नियम २००५ मध्ये मागे घेतला, महाराष्ट्राने ठेवला. म्हणजे एका कुळातील दोन भावांपैकी एक रावेरास व दुसरा बुऱ्हाणपुरास असेल, तर दोघांना दोन नियम लागू झाले. तरीही आपल्या ओळखीच्या घरांकडे पाहावे : सीमेच्या अलीकडे व पलीकडे मुले बहुधा एक किंवा दोनच. निवडणुकीच्या नियमाने ती संख्या ठरविलेली नाही. ती घराने ठरविली आहे.

उत्तेजनाचाही अनुभव असाच आहे. सिंगापूरने १९७२ मध्ये ‘दोनवर थांबा’ असे सांगितले आणि लोक थांबले. १९८७ मध्ये ‘परवडत असेल तर तीन होऊ द्या’ असे सांगितले, तेव्हा मात्र फारसे कोणी ऐकले नाही. दक्षिण कोरियाने अपार द्रव्य खर्चूनही २०२३ मध्ये तेथील सरासरी ०.७२ पर्यंत उतरली. आपल्याकडे पारशी बंधूंसाठी २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ योजना निघाली. तिच्या साहाय्याने झालेले जन्म काही शेकड्यांतच राहिले.

स्थलांतराचा परिणाम

आपले पूर्वज मारवाड, गुजरात येथून या भागात आले, ते बहुधा एकटे. तरुणाने पेढीवर उमेदवारी करावी, काही वर्षांनी देशी जाऊन लग्न करावे, आणि बिऱ्हाड करण्याइतकी मिळकत झाली म्हणजे पत्नीस आणावे, असा क्रम होता. अर्थात स्थलांतर आणि विवाह यांची सांगड आपल्याला नवी नाही. मात्र त्या काळी पोरसवदा मुलगा दुकान शोधीत बाहेर पडे. आज शिकलेली मुले आणि मुली दुकान सोडून पुणे, इंदूर, मुंबईस जातात. २०११ मध्ये शंभरांपैकी सुमारे ऐंशी जैन नागरी वस्तीत राहत होते. शिक्षण संपेपर्यंत पंचविशी येते. नोकरीत स्थिरावून सदनिकेचा हप्ता सुरू होईपर्यंत तिशी गाठते. दोन खोल्यांत आजी नाही, काकू नाही. मूल सांभाळण्यास पगारी बाई ठेवावी लागते. पहिल्याच मुलाच्या वेळी ओढाताण झालेले दांपत्य दुसऱ्याचा विचार लांबणीवर टाकते, आणि लांबणीवर टाकलेले पुष्कळदा राहूनच जाते.

मागे राहिलेल्या घरांची अडचण वेगळीच आहे. गेल्या पर्युषणात एका सभासद बंधूंनी मला विचारले, “मुलाला दुकान आहे, स्वतःचे घर आहे, कसले व्यसन नाही. मग मुलगी का मिळत नाही?” त्यांना उत्तर देताना मला संकोच वाटला, कारण ते उत्तर आपल्या सर्वांच्याच वह्यांत लिहिलेले आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार जैन मुलांमागे मुली अवघ्या ८७० होत्या. २०११ मध्ये ८८९. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा कायदा १९९४ चाच होता. त्या वेळी जन्मू न दिलेल्या मुलीच आज सून म्हणून हव्या आहेत. ज्या जन्मल्या, त्यांना आपणच शिकविले, हे योग्यच केले; आता त्या विचारतात की तुमच्या गावी येऊन आम्ही काय करावे? या प्रश्नास ‘घर मोठे आहे’ हे पुरेसे उत्तर नव्हे.

आपल्या हाती काय आहे?

२०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीस पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळाली. पुढील अपत्यासाठी ती १२ आठवडेच आहे. परंतु जी सून सकाळी घर आणि दुपारी गल्ला सांभाळते, तिला रजेचा कोणताच कायदा नाही. तिची रजा घरानेच मंजूर करावयाची असते. येथेच व्यापारी समाजाचे सामर्थ्य आहे. कारखान्याच्या वेळा आपण बदलू शकत नाही. दुकानाच्या वेळा आपल्याच आहेत.

म्हणून तिसऱ्या अपत्याच्या बक्षिसासाठी निधी उभारण्यापूर्वी मंडळाने चार गोष्टींचा विचार करावा, असे सुचवावेसे वाटते. पहिली, बाजारपेठेजवळ एक चांगले पाळणाघर, जेथे सभासदांच्या सुनांप्रमाणेच दुकानांतील नोकरांच्या स्त्रियाही आपली मुले निर्धास्तपणे ठेवू शकतील. दुसरी, शिकलेल्या सुनेस पेढीत नावाने भागीदारी. केवळ कराच्या सोयीसाठी कागदावर नव्हे, तर खरेदीविक्रीच्या निर्णयातही. २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीस मुलाइतका हक्क दिला आहे. तो मनापासून मान्य केला तर मुलीच्या जन्माचे ओझे वाटणार नाही. तिसरी, पोटजात आणि पंथ यांच्या पलीकडे सोयरीक. डॉ. विलास सांगवे यांनी जैन समाजाची आपली पाहणी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हाही लहान पोटजातींतील विवाहाची अडचण जाणकारांपुढे होती. मुली कमी आणि वर्तुळ लहान, हा व्यवहार जमणारा नाही. चौथी, लग्नातील खर्चावर मर्यादा, म्हणजे वाचलेला पैसा नव्या दांपत्याच्या घरास लागेल.

एवढे करूनही पाळणे वाढतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. बाळाचा जन्म हा दांपत्याच्या, आणि त्यातही जी देह झिजविते तिच्या, इच्छेचा विषय आहे. संघाच्या ठरावाचा नव्हे. पण ज्यांना दुसरे मूल हवे असूनही धीर होत नाही, त्यांचा मार्ग आपण सुकर करू शकतो. दिवाळीस वहीपूजन करताना आपण पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितो. पुढील वर्षी ते लिहिण्यास आपल्या मुलीस व सुनेस गादीवर बसवावे, आणि वहीही तिच्याच स्वाधीन करावी, अशी नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.