चूक टांकसाळीची, मार बाजाराचा

नाण्यांच्या नादात बरीच वर्षं गेली, पण जीव अडकला तो 'लखी' नाण्यांत. एका बाजूला राजाचा उठावदार चेहरा. नाणं उलटवावं तर तिथेही तोच चेहरा, मात्र आत रुतलेला आणि आरशात पाहावा तसा उलटा. अशा नाण्याला संग्राहक भरपूर पैसे मोजतात, म्हणूनच ते टांकसाळीबाहेरही 'बनतं'.

खरं लखी असं जन्मतं: छापलेला रुपया बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतो. पाठोपाठ कोरी चकती येते आणि दाब पडतो. एका बाजूला मोकळा ठसा नेहमीसारखा उमटतो, दुसऱ्या बाजूला चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं. नकली लखीसाठी दोन चलनी नाणी व्हाइसमध्ये आवळतात. भिंग घ्या आणि रुतलेल्या चेहऱ्याभोवती पाहा. 'वन रुपी'च्या अक्षरांचे दबलेले अवशेष, वेलबुट्टीचा एखादा तुकडा दिसला, तर सौदा तिथेच सोडा. कोऱ्या चकतीवर आधीची अक्षरं येतील कुठून? उलट बाजूही पाहावी: व्हाइसच्या जबड्याने तिथला उठाव चेपलेला असतो.

मग तराजू. 1835पासूनचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. लखी रुपया वजनाला पुरा भरतो. कानशीने घासलेला भरत नाही. ॲसिडने पातळ केलेली, रुळावर चपटी झालेली, माळेसाठी लावलेल्या कडीचा डाग राहिलेली नाणी 'मिंट एरर' म्हणून खपवली जातात. त्यांवर शाई दवडण्यात अर्थ नाही.

खरी गंमत 1911च्या रुपयाची. पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू-मुसलमान दोघेही बिथरले. रुपये परत घेतले गेले, बहुतेक वितळवले गेले आणि 1912च्या ठशात हत्तीला ठळक सोंड मिळाली. हा 'डुकराचा रुपया' आजही चुकीचं नाणं म्हणून विकला जातो. माझ्या मते हे चूक आहे. टांकसाळीने प्रत्येक रुपया ठशाबरहुकूम छापला. चुकला तो ठशावरचा हत्ती. दुर्मीळ म्हणून त्याला हवी ती किंमत द्या, पण लखीच्या पंगतीत बसवू नका.

शिवराई या शिवकालीन तांब्याच्या नाण्याच्या बाबतीत तर भलताच घोळ घातला जातो. ती हाताने, घणाच्या घावाखाली घडायची. ठसा बहुधा चकतीहून मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं पूर्ण मावतच नसत. कुठे 'श्री' कापला जाई, कुठे 'पति'. घाव सरकला की अक्षरं कडेला जात. हा त्या पद्धतीचा रोजचा व्यवहार होता. एकाच ठशाच्या दोन शिवराया शेजारी ठेवल्या तरी त्या सारख्या दिसत नाहीत. तेव्हा 'ऑफ-सेंटर शिवराई, अतिदुर्मीळ' असं सांगून कुणी जादा भाव मागू लागला, तर सरळ नकार द्यावा.

उलट ज्याला बाजार 'खराब' म्हणतो, त्यात मला जास्त रस वाटू लागला आहे. जुन्या रुपयांवर सराफांनी ठोकलेल्या बारीक खुणा असतात: चांदी खरी आहे का, हे पाहण्यासाठी केलेल्या. त्यांनी नाण्याचा भाव पडतो. पण तो रुपया सराफाच्या पेढीवर तपासला गेला, याची साक्ष याच खुणा देतात. निर्दोष नाण्यात ती सापडणार नाही.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत आजीच्या डब्यातून जुनी नाणी निघाली, तर चिंच किंवा रांगोळी लावून चकचकीत करू नका. चूक टांकसाळीची की मार बाजाराचा, हे ठरवणारा पुरावा नाण्याच्या पृष्ठभागावरच असतो आणि घासल्यावर तो परत येत नाही.