नाव छोटं, माल खरा: जुन्या अमेरिकन गिटारचा धंदा

कर्जत-खालापूरच्या रिसॉर्टवर शनिवार-रविवारी गिटार वाजताना ऐकून 'जुन्या इलेक्ट्रिक गिटार घेऊ-विकू' असं डोक्यात आलं असेल, तर थांबा. नावाची किंमत वेगळी, बनावटीची वेगळी.

उदाहरण बघा. लिओ फेंडर यांनी 1965 मध्ये आपली कंपनी सीबीएसला विकली. 1980 च्या सुमारास त्यांनी कॅलिफोर्नियातच 'जी अँड एल' सुरू केली. कारागीर तोच, पण सेकंडहँड बाजारात तिला फेंडरइतका भाव सहसा मिळत नाही. मिसिसिपीच्या पीव्ही कंपनीची टी-60 सुद्धा अशीच. बांधणी दणकट, पण पीव्ही म्हणजे अँप्लिफायरवाले हीच ओळख राहिली.

संधी इथेच आहे आणि फसगतही इथेच. ज्या नावामुळे तुम्हाला स्वस्त मिळाली, त्याच नावामुळे गिऱ्हाईकही घासाघीस करणार! समजा, 50 हजारांना घेतली, दुरुस्ती 5 हजार, विकली 60 हजारांना. नफा 5 हजार. पण आठ दिवसांत की आठ महिन्यांत? भांडवल अडकलं की धंदा अडकला.

घेताना बघा: जी अँड एलवर 'ट्रिब्यूट' लिहिलं असेल, तर ती अमेरिकन बनावटीची नाही. मान सरळ आहे का? फ्रेट झिजलेत का? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ठेवायला कोरडी जागा आहे का?

पहिली एकच घ्या, तीही कर्ज न काढता. आधी गिऱ्हाईक शोधा, मग गिटार!