जुन्या खेळाचा नवा डाव

कळव्यात सकाळची लोकल पकडणे ही रोजची लढाई. ती लढून नोकरी करणाऱ्या आमच्या शेजारच्या एका बापाने मुलाला जुना प्लेस्टेशन ४ घेऊन दिला. हे यंत्र जानेवारी २०१४ मध्ये भारतात आले तेव्हा त्याची किंमत ३९,९९० रुपये होती. नवे घेणे त्याच्या ऐपतीबाहेरचे होते.

मुलाचे तीन गेम खेळून झाले. त्यांच्या डिस्क घेऊन तो ठाण्यातल्या एका दुकानात गेला. फोनवर भाव सांगितला होता तीन हजार. काउंटरवर मात्र डिस्कवर ओरखडा निघाला आणि ‘या गेमला आता गिऱ्हाईक नाही’ असे ऐकवले गेले. भाव उतरला अकराशेवर! तेही रोख नाही, हातात एक चिठ्ठी. ती याच दुकानात, महिनाभरातच वापरायची. चिठ्ठीवर आणखी नऊशे रुपये घालून त्याने ‘सीलबंद नवी’ डिस्क घेतली. घरी ती अर्ध्यावर अडकली. सील दुकानातच चढवले होते. बिल मागितले तर उत्तर मिळाले, ‘जुन्या मालाला बिल नसते.’

हा डाव नवा नाही. नव्वदच्या दशकात कार्ट्रिजवर ‘९९९९ इन १’ छापलेले असे आणि आत तेच दहा-वीस खेळ नावे बदलून फिरत. तेव्हाही पैसे देऊन कार्ट्रिज बदलून घेणारा पोर हिरमुसून परतायचा.

दुकानदाराने नफा घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. माल पडून राहिला तर नुकसान त्याचेच आहे. अकराशेत घेऊन दोन हजारांना विकणे हा व्यापार झाला. पण फोनवर एक भाव सांगून दारात बोलवायचे, डिस्क आत नेऊन ओरखडा ‘शोधायचा’ आणि जुन्याला नवे म्हणायचे, याला व्यापार कसे म्हणावे? ही सरळ फसवणूक आहे.

म्हणून ही दुकाने बंद करा, असे कोणी म्हणेल. तसे केले तर मरण गरिबाच्याच पोराचे. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या जुन्या गेमच्या विक्रीवर बंधने आणायचे ठरवले होते. गिऱ्हाइकांनी ओरड केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. डाउनलोड केलेला गेम पुढे विकता येत नाही, डिस्क विकता येते. डिस्क विकण्याचा हा हक्क टिकवायचा तर व्यवहार सचोटीचा हवा.

कायदा काय म्हणतो? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. जुना माल नवा म्हणून विकणे आणि बिल नाकारणे, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. नुसती वस्तू विकून पैसे घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही, ही मेख ध्यानात ठेवावी. पण जुनी वस्तू आणि वर रोख देऊन दुसरी वस्तू घेणारा आपले ग्राहकपण ठामपणे मांडू शकतो. दुकान मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले तरी कळव्याचा रहिवासी आपल्या ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

पण पुरावा लागतो. भाव फोनवर न घेता लेखी मेसेजवर घ्या. डिस्क देण्याआधी तिचा फोटो काढा. ती आपल्या डोळ्यांसमोरच तपासायला लावा. चिठ्ठीवर रक्कम, तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्या. बिल मिळत नसेल तर पाकीट खिशातच ठेवा.

त्या मुलाने नऊशे रुपये गमावले. बापाच्या दीड-दोन दिवसांच्या घामाचे ते मोल. पोर गप्प बसले, कारण खेळण्यावर पैसे घालवले म्हणून घरी बोलणी बसतील ही त्याला भीती. दुकानदाराचे खरे भांडवल ही भीतीच आहे. तेव्हा आईबापांनो, पोराला रागावण्याआधी त्याच्याबरोबर त्या दुकानाची पायरी चढा आणि बिल मागा!