लाईट आली, फोल्डर आलं नाही

लिनक्सशी ओळख : भाग ११

गेल्या आठवड्यात आपण सांबा वापरून एका कॉम्प्युटरवरचं फोल्डर दुसऱ्यावर आणलं आणि ते कायम राहावं म्हणून एफएसटॅबमध्ये ओळ टाकली. सास्तुरात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात मी हीच जोडणी करून दिली होती. दुपारी लाईट गेली, तासाभरानं आली, आणि मागोमाग फोन : "सर, फोल्डर रिकामं झालंय. सगळे स्कॅन उडाले."

उडालं काहीच नव्हतं. टर्मिनलमध्ये 'सुडो माउंट -ए' मारलं, सगळं हजर. तुम्हीही आधी हेच करून बघा. हातानं जोडलं जातं पण सुरू होताना जोडलं जात नाही, तर पत्ता, पासवर्ड बरोबर आहेत. चुकते ती वेळ. लाईट आली की राउटर, फाइलींचा कॉम्प्युटर (सर्व्हर) आणि काउंटरवरचा कॉम्प्युटर एकदम उठतात. काउंटरवरचा एसएसडीमुळे झटक्यात तयार, राउटरचे दिवे अजून लुकलुकतायत. त्यात वायफाय असेल तर आणखी एक भानगड : काही डेस्कटॉपवर वायफायचा पासवर्ड वापरणाऱ्याच्या खात्यात बंद असतो, लॉगिन होईपर्यंत नेटवर्कच नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये ते सर्व वापरकर्त्यांसाठी खुलं करा.

एवढ्यात काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, मघाशी केलेला स्कॅन कुठं गेला?" एकाचा भूकंपग्रस्त दाखला होता, १९९३च्या भूकंपानंतर या भागात त्या कागदाची किंमत सांगायला नको, नोकरीच्या अर्जाला तो लागतो. जोडणी होण्याआधी पोरग्यानं तो त्याच फोल्डरात ठेवला होता. जोडणी नसताना ते या कॉम्प्युटरवरचं साधं फोल्डर असतं. होममध्येच केलेलं, त्यामुळे फाइल बिनतक्रार बसली. मग मी जोडणी केली, आणि सर्व्हरचं फोल्डर वर येऊन खालचं झाकलं गेलं. 'उमाउंट' केलं, दाखला तिथंच. बाजूला कॉपी केला, पुन्हा जोडलं.

आता एफएसटॅबच्या ओळीतले पर्याय. 'नोफेल' नसेल तर नेटवर्कच्या नादात सिस्टिमडी (कॉम्प्युटर सुरू होताना सगळं मार्गी लावणारा प्रोग्राम) साधारण ९० सेकंदांपर्यंत ताटकळू शकतो. '_नेटडेव्ह' म्हणजे ही जोडणी नेटवर्कवरची आहे असं सांगणं. सांबा, एनएफएसच्या बाबतीत सिस्टिमडीला ते प्रकारावरूनच कळतं. पण माझा भर 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट'वर. सुरू होताना घाई नाही. फोल्डर उघडलं की तेव्हा जोडणी. सर्व्हर नसेल तर चूक दाखवतो, म्हणजे दाखला चुकून खाली जाऊन बसत नाही. एनएफएसलाही हेच लागू.

ओळ बदलल्यावर 'सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' विसरू नका, मी विसरलो होतो. मग दुकानदाराला म्हटलं, मेन स्विच पाडा. "आत्ता? प्रिंट चाललीय," तो म्हणाला. प्रिंट संपेपर्यंत थांबलो, मग पाडला. लाईट आल्यावर राउटर मुद्दाम मिनिटभर उशिरा लावला. पोरग्यानं फोल्डर उघडलं, थोडं थांबलं, आणि दाखला दिसला.